वस्तीतल्या स्वस्त दवाखान्याची पहिली तीन वर्षं कोणी सांभाळायची?

शून्यमैल

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे, सवडीने वाचा. पण मत नक्की द्या, नागपूरकरांनी तर द्याच.

उत्तर नागपुरात टेका नाक्याच्या पुढच्या एका वस्तीत माझ्या ओळखीची तिघं जणं छोटा दवाखाना चालवतात. एक एमबीबीएस डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक लॅब टेक्निशियन. नावं मुद्दाम देत नाही. काम मुख्यतः बीपी आणि शुगरचं. तपासणीचे तीस रुपये, औषधं जेनेरिक, रक्त तिथंच तपासतात. हा दानधर्म नाही. पेशंट पैसे देतो आणि त्या पैशावर दवाखाना पुढे स्वतःचा खर्च स्वतः भागवेल, असा त्यांचा हिशोब आहे. पेशंट वाढताहेतही. पण ते पुरेसे वाढेपर्यंत घरमालक भाड्यासाठी थांबत नाही आणि टेक्निशियनच्या घरचा किराणाही थांबत नाही. तिघांनी घातलेली पुंजी आता संपत आली आहे.

असा दवाखाना का हवा, हे आधी सांगतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आयुष्मान भारत आहे, आता संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलंय. चांगलंच झालं. पण या योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी आहेत. बायपास योजनेत बसते, पण बायपासची पाळी येऊ न देणारी रोजची गोळी बसत नाही. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के वाटा लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये लोक स्वतःच भरतात, आणि गरिबाच्या घरी त्यातले पुष्कळ गोळ्या-औषधांवरच जातात.

एका संध्याकाळी मी तिथं बसलो होतो. कळमन्याकडे मिरचीची देठं खुडायला जाणाऱ्या एक बाई आल्या. हाताची आग होते म्हणून पदराने बोटं धरून बसलेल्या. फार्मासिस्टने मागच्या महिन्याची पट्टी मागितली आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. संपायला हव्या होत्या, पण निम्म्या तशाच होत्या. बाई एक दिवसाआड घेत होत्या, पट्टी जास्त दिवस पुरावी म्हणून. तो रागावला नाही. कात्रीने पट्टी कापून दहा दिवसांच्याच गोळ्या दिल्या, तेवढेच पैसे घेतले आणि म्हणाला, "मावशी, दहा दिवसांनी पुन्हा या, पण रोज घ्या." डॉक्टरने बीपी पाहून वहीत लाल खूण केली. ही गोळ्या मोजण्याची पद्धत तिथं प्रत्येक पेशंटला लागू आहे. माझ्या मते खरा उपचार इथंच होतो, आणि नेमक्या याच कामाला कोणी पैसा देत नाही.

कारण देणगीदाराला वस्तू द्यायची असते. ईसीजी मशीन देऊ का? पाण्याचा कूलर? शिबिराचा मंडप? गोळ्या मोजणाऱ्या माणसाचा पगार म्हटला की सगळे गप्प होतात.

मोठी झालेली उदाहरणं आपण नेहमी सांगतो. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये डॉ. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलं, तेही निवृत्त झाल्यावर, स्वतःचं घर गहाण टाकून. पुढे पैसे देणाऱ्या पेशंटच्या जोरावर मोफत शस्त्रक्रिया होऊ लागल्या. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून डोळ्यात बसवायची लेन्सही स्वस्त केली. आज सगळं जग तिथं शिकायला जातं. पण सुरुवातीला पैसा आला तो घर गहाण टाकूनच. मुंबईच्या १२९८ रुग्णवाहिका सेवेला २००७ मध्ये अक्युमेन या संस्थेने पंधरा लाख डॉलर गुंतवणूक म्हणून दिले, देणगी म्हणून नव्हे. त्यांचा दर पेशंट कुठल्या रुग्णालयात जातो त्यावर ठरायचा. सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याला कमी, महागड्या खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याला पूर्ण. गरिबाला उत्पन्नाचा दाखला मागायची गरजच नाही. असा विचार करणाऱ्या माणसाच्या मागे धीर धरणारा पैसा उभा राहिला तर काय होतं, ते त्यातून दिसलं.

मग नागपुरातल्या अशा तिघांना कुठला पैसा द्यावा? देणगी, कर्ज की भागभांडवल? आणि तो कोणी द्यावा?

टेका_नाका

भाऊ, मी याच भागातला. दवाखाना कोणता ते समजलं, नाव घेत नाही.

आमच्याकडे शिबिरं लय होतात. निवडणूक आली की शिबिर, पुढाऱ्याचा वाढदिवस आला की शिबिर. बीपी मोजतात, चिठ्ठी देतात, फोटो काढतात अन् जातात. माह्या मायचं बीपी शिबिरात दोन-तीन वेळा निघालं होतं. गोळी चालू झाली ती अटॅक आल्यावर. चिठ्ठी देणारा पुन्हा दिसलाच नाही, तर इचारावं कोणाले?

तीस रुपये द्यायले लोक तयार हायेत. फुकट असलं की उलट इचारतात, काऊन फुकट? औषध जुनं हाय का? पण हप्ता शनिवारी भेटते, अन् माणूस आजारी मंगळवारी पडते. त्या दवाखान्यात उधारीची वही हाय म्हणून लोक जाऊन राह्यले. पैसा देणाऱ्यानं त्या वहीचा पण इचार करा. ते पैसे बुडत नाई, फक्त उशिरा येतात.

पांढराकोट

मी मेडिकलला शिकलो, आता खाजगीत आहे. धागा चांगला आहे, पण एक मूलभूत आक्षेप नोंदवतो.

मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत विदर्भ तर येतोच, शिवाय छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, छत्तीसगड, आदिलाबादकडूनही पेशंट येतात. म्हणून प्राथमिक पातळीवरचं काम वस्तीतच व्हायला हवं, हे मान्य. पण ते काम सरकारचं आहे. आपण तीस-तीस रुपयांचे दवाखाने उभे करत राहिलो, तर महापालिकेला कोणी विचारणारच नाही की तुमच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात बीपीची गोळी का संपते. शहाण्या माणसांची सगळी ताकद पैसा गोळा करण्यात जाईल आणि गरीब माणूस हक्काच्या औषधासाठी पैसे मोजत राहील.

शिवाय "सामाजिक उद्योजक" हा शब्द आला की गुंतवणूकदार येतो, आणि गुंतवणूकदार आला की वाढ मागतो. वाढीसाठी तीसचे शंभर व्हायला वेळ लागत नाही.

शून्यमैल

@पांढराकोट, तुमचा पहिला आक्षेप मला मनापासून पटतो. पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला वाटत नाही. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत सर्च ही संस्था सुरू केली. गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, नवजात बाळाची काळजी घरातच घेता येते हे ३९ गावांत करून दाखवलं, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे केंद्र सरकारने आशांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ मध्ये देशभर नेला. आधी गडचिरोलीत कोणीतरी करून दाखवलं, म्हणून सरकारला करता आलं. आणि करून दाखवण्याच्या त्या वर्षांना कोणाचा तरी पैसा लागलाच.

दुसरा आक्षेप पैशाच्या जातीचा आहे. धागा त्यासाठीच काढलाय.

वर्धेकर

सेवाग्रामचं कोणी काढलंच नाही म्हणून लिहितो. तुमच्यापासून पाऊण-एक तासाचं अंतर.

कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा सुरू केला. डॉ. उल्हास जाजू यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची सगळ्यांत कमी. बदल्यात गावात आरोग्यसेवक, प्राथमिक औषधं आणि सेवाग्रामला भरती झाल्यावर सवलत. अट अशी की गावातल्या बहुतेक घरांनी यायला हवं. मोजक्या आजारी घरांनीच ज्वारी दिली तर योजना बुडणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

माझे आजोबा सांगायचे, ज्वारी मोजून द्यायच्या दिवशी गावात सभा व्हायची आणि आरोग्यसेवकाचं काम कसं चाललंय यावर वाद व्हायचा. पैसा देणाऱ्याला विचारायचा हक्क मिळतो, हे त्या सभेत दिसायचं. उत्तर नागपुरात ज्वारी नाही, पण रिक्षावाल्यांच्या संघटना आहेत, बचत गट आहेत. दीडशे-दोनशे घरांनी महिन्याला ठरावीक रक्कम दिली, तर भाडं तरी नक्की निघेल.

ताळेबंद

मी सीए आहे, धर्मादाय संस्थांचं काम बघतो. भावना सगळ्यांच्या बरोबर आहेत, पण पैसा कायद्याच्या वाटेनेच येतो, म्हणून ती वाट सांगतो.

आधी सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी खर्च करायचा पैसा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातली एकही पायरी ओलांडली की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते. वेकोलि (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं आपल्या नागपुरात आहेत, बुटीबोरी-हिंगण्यात खाजगी कंपन्या आहेत. म्हणजे पैसा या गावात आहे.

पण तुमच्या तिघांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल, तर सीएसआरचा पैसा थेट त्यांच्याकडे येऊ शकत नाही. देणारी कंपनी स्वतः खर्च करत नसेल, तर तो कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, ट्रस्ट किंवा सोसायटीमार्फतच खर्च व्हायला हवा, आणि त्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या आणि २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणी लागते. शिवाय, आणि तुमच्या धाग्याचा गाभा हाच आहे, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

बरं, सोशल स्टॉक एक्स्चेंज बघा, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभा करता यावा म्हणून शेअर बाजारात काढलेला विभाग. सेबीने २०२२ मध्ये नियम केले, डिसेंबर २०२३ मध्ये उन्नती फाउंडेशन ही पहिली संस्था तिथं उतरली. पण तिथं ना-नफा संस्थेला आधीची तीन वर्षं, मागच्या वर्षी किमान ५० लाखांचा खर्च आणि १० लाखांचा निधी दाखवावा लागतो. तुमचा दवाखाना त्यात कुठे बसतो?

बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बिग अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, पण ते नवीन तंत्रज्ञानासाठी. गोळ्या मोजणं हे तंत्रज्ञान नाही. मुद्रा कर्ज दहा लाखांपर्यंत मिळू शकतं, २०२४ पासून आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना वीस लाखांपर्यंत. पण त्याचा हप्ता लवकरच सुरू होतो आणि तुमचा तोटा तर अजून चालू आहे.

म्हणजे सगळी दारं चौथ्या वर्षापासून उघडतात. पहिली तीन वर्षं कोणाच्याच यादीत नाहीत.

आणि एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात दहा-वीस जणांनी मिळून त्या कंपनीला हातउसने पैसे देऊ नका. कंपनीने बाहेरच्या माणसांकडून घेतलेलं कर्ज कायद्याने "ठेव" ठरू शकतं आणि ते तिघं अडचणीत येतील. द्यायचेच असतील तर रीतसर भागधारक व्हा, किंवा ट्रस्टला देणगी द्या.

धंतोलीकर

पॅथॉलॉजिस्ट आहे. मशीनच्या देणगीबद्दल शून्यमैल यांनी लिहिलंय त्यात भर घालतो, कारण हे बाहेरून कळत नाही.

रक्त तपासणीचं मशीन घ्यायला फारसा पैसा लागतच नाही. बऱ्याच कंपन्या मशीन वापरायला ठेवतात, अट एवढीच की रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, त्यांच्याकडूनच घ्यायचं. खरा खर्च रिएजंटचा. एकदा डबी उघडली की तिची मुदत सुरू होते, मग त्यात शंभर नमुने बसवा की वीस. पेशंट कमी असताना एकेका एचबीए१सीचा (शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीचा) खर्च दुप्पट-तिप्पट पडतो, पण वस्तीत दर वाढवता येत नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांत लॅब तोट्यातच जाणार. यात कोणाचा गैरकारभार नसतो, मोजक्या नमुन्यांचं गणितच तसं आहे. देणगीत आलेल्या मशीनचं तर आणखी अवघड. एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) कोणी भरत नाही, आणि मशीन लग्नात आलेल्या डिनर सेटसारखं कपाटावर राहतं.

दुसरी गोष्ट कट प्रॅक्टिसची. कमिशन न देणाऱ्या लॅबकडे बाहेरचे डॉक्टर पेशंट पाठवत नाहीत. राज्य सरकारने २०१७ मध्ये याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता, पुढे काही झालं नाही. प्रामाणिक लॅबला पेशंट स्वतःच जमवावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ विकत घ्यायचा म्हणजेच पगार द्यायचे.

मी महिन्यातून काही नमुने माझ्याकडे फुकट तपासून देऊ शकतो, म्हणजे त्यांच्या रिपोर्टची अचूकता पडताळता येईल. स्वस्त लॅब म्हटलं की लोक पहिली शंका त्याचीच घेतात.

हिशोब_द्या

सगळं वाचलं. देणगी द्यायची माझी तयारी आहे, पण प्रश्न थेट विचारतो. आमच्या कॉलनीने पूर्वी एका आरोग्य उपक्रमाला वर्गणी दिली होती. वर्षअखेरीस अहवाल आला, "इतक्या हजार लोकांना लाभ". त्या हजारांत एकदा बीपी मोजून गेलेला माणूसही होता. मग पैशाचं काय झालं म्हणायचं?

तर मोजणार काय?

पांढराकोट

याचं उत्तर तयार आहे. देशात २०१७ पासून इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह चालू आहे, महाराष्ट्र सुरुवातीपासून त्यात आहे. तिथं साधा प्रश्न विचारतात: नोंदवलेल्या पेशंटपैकी या तिमाहीत शेवटच्या भेटीत किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली होतं? आलाच नाही तो "सुटलेला" म्हणून मोजायचा, यादीतून काढायचा नाही. शिबिरवाल्यांना हा आकडा देताच येणार नाही. त्या दवाखान्याने लाल खुणांची वही नीट ठेवली असेल तर एका दुपारी निघेल.

आणि माझा आधीचा आक्षेप कायम ठेवून एक सुचवतो. पैसा देताना अट घाला की बीपी-शुगरचे पेशंट सरकारी यादीतही नोंदवायचे, आणि जी औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात ती तिथूनच आणायला मदत करायची. केंद्रात औषध संपलं तर लेखी तक्रारही त्यांनीच करायची. मग मीही देईन.

कामठीरोड

मी सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, पेशंटचा बाप आहे. बीपी-शुगरबद्दल सगळे बोलताहेत, पण उत्तर नागपुरात सिकलसेलची घरं किती आहेत ते आम्हाला माहीत आहे. संपत रामटेके यांनी या शहरात त्यासाठी आयुष्य घालवलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, उद्दिष्ट २०४७ चं. तपासणी होते, कार्डही मिळतं. पण हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असलेल्या मुलाचे रक्तघटक वरचेवर बघावे लागतात. त्यासाठी दर वेळी आईची मजुरी बुडते. घराजवळ सीबीसी (रक्तघटकांची तपासणी) झाला आणि रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना फोनवर गेला, तर आमचं अर्धं ओझं उतरेल. दवाखान्याला हे जमेल का, कोणी विचारून सांगा. सीबीसीचे पैसे आम्ही देऊ. फुकट नको.

शून्यमैल

काल त्या तिघांना धागा वाचून दाखवला.

@कामठीरोड, सीबीसीचं मशीन त्यांच्याकडे नाही, पण रिएजंटच्या अटीवर ते घेण्याचा विचार चालूच होता. ठरावीक मुलं दरमहा येणार असतील, तर धंतोलीकरांनी सांगितलेलं डबीचं गणित जुळतं. तुमच्या ओळखीची अशी किती घरं आहेत, ते व्यनित (खाजगी निरोपात) कळवा.

@ताळेबंद, अजून त्यांची कंपनी नाही, तिघांचा तोंडी करारच आहे. मी तुमचं वाचून दाखवल्यावर त्यांनी कलम ८ चा पर्याय पहिल्यांदा गंभीरपणे घेतला. डॉक्टरची शंका एवढीच की मग कोणी गुंतवणूक करणार नाही. मला वाटतं नकोच ती. भागभांडवल देणारा नफा मागणार, आणि पांढराकोट म्हणतात तसे तीसचे शंभर होणार. कर्ज पेलवणार नाही. म्हणून पहिली तीन वर्षं देणगीच, पण वस्तूंची नव्हे. भाडं, दोन पगार आणि रिएजंटचा तोटा, एवढ्याच तीन गोष्टी, आणि तिन्ही वर्षांचा शब्द एकदम. दरवर्षी पुन्हा दारोदार जावं लागलं, तर डॉक्टर पेशंट बघणार कधी?

@हिशोब_द्या, १४०/९० चा आकडा दर तिमाहीला वस्तीतच फळ्यावर लावायला ते तयार आहेत. आधी फळ्यावर, मग आपल्याकडे.

@वर्धेकर, वर्गणीची कल्पना फार्मासिस्टला सगळ्यांत जास्त आवडली. पण बैठक वस्तीत घ्यावी लागेल, आणि ती आपण बाहेरच्यांनी घेऊन चालणार नाही.

टेका_नाका

बैठक मी घेतो. बुद्धविहाराचा हॉल भेटते, बायांचे बचत गट येतील, ऑटोवाले पण येतील. रविवारी दुपारी ठेवा, सकाळी लोक बजारात असतात. डॉक्टरले म्हणा उधारीची वही घेऊन या. कोणाचं नाव वाचायचं नाई, फक्त किती आले अन् किती राह्यले तेवढं सांगायचं.

ताळेबंद

कलम ८ च्या नोंदणीचं काम मी फी न घेता करून देतो, सरकारी शुल्क तेवढं भरावं लागेल. तिघांचे पॅन, आधार, पत्त्याचे पुरावे आणि जागेचा भाडेकरार तयार ठेवायला सांगा. भाडेकरार तोंडी असेल तर बैठकीच्या आधी घरमालकाशी बोलून घ्या. नोंदणीकृत पत्त्यासाठी त्याची संमती लागते, आणि आमच्याकडे बहुतेक कामं तिथंच अडकतात.